दप्तरांतील एक मिटता चाकू व त्याचा कालनिर्णय

१. विषयप्रवेश

जुन्या दप्तरांचे रुमाल सोडतांना कागदांखेरीज इतर जिनसाही हातीं लागतात, हें संग्राहकांस सांगावयास नको. बोरूचे तुकडे, वाळूची डबी, लाखेची कांडी, एखादें मोडकें कलमदान, क्वचित् शिक्कामोर्तबाची मुद्रा. ह्या जिनसांकडे आम्ही मंडळी बहुधा कौतुकानें पाहतों आणि त्या बाजूस ठेवून कागदांकडे वळतों. कधीं कधीं ह्याच्या उलटही घडतें. म्हणजे कागदांत जें सांपडत नाहीं तें ह्या मुक्या जिनसांकडून वदवून घेतों. पहिल्या रीतीनें पुरावा वायां जातो, दुसऱ्या रीतीनें तो बिघडतो. दुसऱ्या रीतीचें एक उदाहरण आमच्यापुढें नुकतेंच आलें. त्याची हकीकत ह्या लेखांत देत आहों.

एका जुन्या दप्तरदार घराण्यानें आपल्याकडील एक रुमाल आम्हांस पाहावयास दिला. त्यांत कांहीं मोडी कागद व एक लहानसा मिटता चाकू होता. कागदांपैकीं एक याद विनातारखेची आहे. घराण्याच्या एका पूर्वजास दरबारप्रसंगीं मिळालेल्या जिनसांची ती टांचणवजा नोंद असून तींत वस्त्रें व दुर्बीण ह्यांच्या खालीं ‘चाकू विलायती १’ असें कलम आहे. पुण्याच्या इंग्रज रेसिडेंटानें पेशवाईच्या अखेरीस आमच्या पूर्वजांस दिलेला चाकू तो हाच, अशी घरांत परंपरा आहे. चाकूच्या पात्यावर इंग्रजी ‘जी’ व ‘आर’ हीं अक्षरें असून मध्यें मुकुट आहे. ‘जी’ म्हणजे जॉर्ज, ‘आर’ म्हणजे ‘रेक्स’, म्हणजे राजा. आणि तिसरा जॉर्ज इ.स. १८२० त वारला. तेव्हां चाकू १८२० च्या आंतला, सबब याद पेशवाईंतील, असा निष्कर्ष काढून ती याद त्या सालांत घालण्याची तयारीही झाली होती.

हा युक्तिवाद वरवर पाहतां सरळ दिसतो. परंतु त्याची घडण पाहावी. चाकू तोच हें कशावरून? यादींत चाकूचें कलम आहे म्हणून. याद पेशवाईंतील हें कशावरून? चाकू त्या काळचा आहे म्हणून. यादीनें चाकूची ओळख पटवावयाची आणि चाकूनें यादीचा काळ ठरवावयाचा, ह्यास न्यायशास्त्रांत अन्योन्याश्रय म्हणतात. हें वर्तुळ तोडावयाचें तर दोहोंपैकीं एकाची परीक्षा दुसऱ्याचें नांव न घेतां केली पाहिजे. म्हणून प्रथम याद मिटून ठेवली आणि चाकू तेवढा हातीं घेतला.

२. चाकूचें वर्णन

मिटलेल्या स्थितींत चाकूची लांबी तीन इंचांहून किंचित् अधिक भरते. पातीं दोन, एक मोठें व एक लहान, मुठीच्या दोन टोकांस एकेक. पातें मुठींत जेथें शिरतें त्या जाड, बिनधारेच्या भागास ह्या लेखापुरतें आम्ही ‘बुडखा’ म्हणूं. प्रत्येक पात्यास उघडण्यासाठीं नखाची खांच आहे. पाठीमागें पोलादी कमान असून तिच्या दाबानें पातें उघडल्यावर उघडें व मिटल्यावर मिटलेलें राहतें. मुठीच्या आंतल्या बाजूस पितळेचे दोन पातळ पत्रे अस्तरासारखे बसविले आहेत. बाहेरून हस्तिदंती रंगाच्या दोन पट्ट्या खिळ्यांनीं जडविल्या आहेत. आणि मुठीच्या टोकांस पांढऱ्या धातूच्या टोप्या आहेत.

लहान पातें झिजून निम्म्यानें अरुंद झालें आहे, आणि ती झीज टोंकाकडे विशेष आहे. मोठें पातें त्या मानानें शाबूत आहे. ही गोष्ट पुढें उपयोगी पडेल म्हणून येथेंच नमूद करून ठेवतों.

३. मिटत्या चाकूचा पूर्वेतिहास

पातें मुठींत मिटविण्याची युक्ति फार जुनी आहे. रोमन लोकांचे असे चाकू युरोपांत उत्खननांत सांपडले आहेत. परंतु त्या चाकूंचें पातें केवळ खिळीच्या घट्टपणावर उभें राही. पाठीमागें कमान नसे. कमानीचा चाकू युरोपांत सतराव्या शतकांत प्रचारांत आला. म्हणून चाकू हातीं येतांच पहिली परीक्षा ही कीं कमान आहे किंवा नाहीं. कमान असल्यास अतिप्राचीनतेची गोष्ट बोलावयास नको.

इंग्लंडांत ह्या धंद्याचें मुख्य ठाणें शेफील्ड. चौदाव्या शतकांतील चॉसर कवीच्या काव्यांतही शेफील्डच्या सुरीचा उल्लेख आहे. इ.स. १६२४ त पार्लमेंटच्या कायद्यानें तेथील हत्यारकारांची ‘कटलर्स कंपनी’ स्थापन झाली. प्रत्येक कारागिरास त्याची स्वतंत्र निशाणी देणें व ती दुसऱ्यानें मारूं नये अशी व्यवस्था ठेवणें, हें ह्या संस्थेचें एक मुख्य काम होतें. पुढें अठराव्या शतकाच्या पूर्वार्धाच्या अखेरीस बेंजामिन हंट्समन ह्यानें शेफील्डजवळ मुशींत पोलाद वितळवून एकजीव करण्याची कृति बसविली. बारीक धारेच्या हत्यारांस असें पोलाद उत्तम. अशा पोलादाचे चाकू व वस्तरे ह्यांवर ‘कास्ट स्टील’, म्हणजे ओतीव पोलाद, असे शब्द पुष्कळदां आढळतात.

येथें एक गोष्ट आमच्या वाचकांस रुचेल. मुशींत पोलाद करण्याची विद्या दक्षिण हिंदुस्थानांत हंट्समनच्या कितीतरी शतकें पूर्वींपासून होती. त्या पोलादास इंग्रज लोक ‘वुट्झ’ म्हणत. डॉक्टर हेलेनस स्कॉट ह्यांनीं मुंबईहून ह्या पोलादाचे नमुने लंडनास रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स ह्यांजकडे पाठविले; त्यांवर जॉर्ज पिअर्सन ह्यांनीं इ.स. १७९५ त निबंध वाचला. त्या वेळीं जेम्स स्टोडार्ट ह्या लंडनच्या हत्यारकारानें ह्या हिंदी पोलादाचा जो जिन्नस घडवून पाहिला, तो लेखणीचा चाकू होता. धारेची कसोटी पाहावयाची तर लेखणीच्या चाकूवर, असा त्या काळीं समज होता, हें ह्यावरून दिसतें. तसेंच चाकू कोठें घडला एवढ्यावरून त्याचें पोलाद कोठलें हें ठरत नाहीं, हाही बोध त्यांतून घ्यावा.

लेखणीचा चाकू म्हणण्याचें कारण असें. इंग्रजी लेखक पक्ष्याच्या पिसाची लेखणी वापरीत. ती वारंवार तासावी लागे. त्यासाठीं अरुंद व पातळ पात्याचा जो लहान चाकू ठेवीत त्यास इंग्रजींत ‘पेननाइफ’ म्हणत. फारसी ‘कलमतराश’ ह्या शब्दाचा अर्थही अक्षरशः हाच. मात्र इराणी व तुर्की लेखकांच्या कलमदानांतील कलमतराश बहुधा लांब दांड्याचा, आंखूड पात्याचा व न मिटणारा असे. इ.स. १८३० नंतर बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून पोलादी टांक स्वस्त निघूं लागले आणि पिसाची लेखणी मागें पडली. तरी चाकूचें नांव तेंच राहिलें. आपल्याकडे बोरू त्यानंतरही पुष्कळ काळ चालला. बोरू पिसाहून कठीण. त्यास तासणें, मध्यें चीर देणें आणि टोंक तिरपें छाटणें ह्या तिन्ही कामांस धार चांगली लागते. ज्या विलायतेंत चाकूचें मूळ काम संपत आलें होतें, तेथला चाकू आपल्या लेखकांच्या हातीं त्याच मूळ कामावर चालू राहिला.

४. बुडख्यावरील अक्षरें

चाकूची प्रशस्ति त्याच्या बुडख्यावर असते. पात्यास पाणी देण्यापूर्वीं तेथें पोलादी ठशानें अक्षरें ठोकतात. म्हणून तीं खोल व कडेस किंचित् दबलेलीं असतात. मागाहून कोरलेलीं अक्षरें ओरखड्यासारखीं दिसतात. हा भेद भिंगाखालीं सहज कळतो.

गंज फार होता. अशा वेळीं घांसकागद लावून तें लखलखीत करण्याचा मोह होतो, तो आवरावा. शिलालेखावर टांकी चालविण्यासारखेंच तें आहे. आम्हीं गोडें तेल न वापरतां यंत्राचें हलकें तेल एक थेंब सोडून दोन दिवस ठेवलें. मग बांबूच्या चोईनें गंज हलकेच काढला. नंतर अंधाऱ्या खोलींत दिवा बाजूस, पात्याच्या पातळीशीं जवळजवळ समांतर धरला. त्या तिरकस उजेडांत जें समोरून मुळींच दिसत नव्हतें तें वाचतां आलें. शेवटीं पातळ कागद वर ठेवून शिसपेन्सिलीनें ठसा घेतला, जसा आपण ताम्रपटाचा घेतों.

मोठ्या पात्याच्या एका बाजूस प्रथम दोन निशाण्या आहेत; एक षट्कोणी तारा व एक रुंद भुजांचा माल्टी क्रूस. त्याखालीं ‘जोसेफ रॉजर्स अँड सन्स’ व ‘कटलर्स टू हिज मॅजेस्टी’, म्हणजे ‘राजेसाहेबांचे हत्यारकार’, हे शब्द आहेत. दुसऱ्या बाजूस ‘जी’, मुकुट, ‘आर’. आणि त्याखालीं गंजाच्या थराखालून निघालेली ओळ: ‘शेफील्ड, इंग्लंड’. ही शेवटची ओळ पूर्वीं कोणी वाचली नव्हती. सर्व वादाचा निकाल तिच्यांत होता.

तारा व क्रूस ही निशाणी रॉजर्स घराण्याकडे इ.स. १७६४ पासून होती. येथें नवशिक्याची पहिली फसगत होते. निशाणी १७६४ ची म्हणून चाकूही तितका जुना, असें तो धरून चालतो. परंतु निशाणी हें घराण्याचें आडनांव आहे, मनुष्याची जन्मतारीख नव्हे. ह्याच पेढीनें ती निशाणी विसाव्या शतकांतही मारली. इतकेंच नव्हे तर निशाण्या वारशानें, विक्रीनें एकाकडून दुसऱ्याकडे जात. शेफील्डचीच दुसरी नामांकित पेढी जॉर्ज वोस्टनहोम हिची ‘आय एक्स एल’ ही निशाणी मूळ इ.स. १७८७ त दुसऱ्याच कारागिरास मिळालेली होती; वोस्टनहोमकडे ती पुढें आली. तेव्हां निशाणीवरून पेढी कळते, साल कळत नाहीं.

दुसरी फसगत बनावट नांवांची. ज्याचें नांव मोठें त्याची नक्कल फार. ‘जे. रॉजर्स अँड सन्स’ हें नांव दुसऱ्यांनीं आपल्या चाकूंवर घातल्यावरून ‘रॉजर्स विरुद्ध नॉविल’ हा खटला इ.स. १८४७ त इंग्लंडांत चालला, आणि व्यापारी निशाणीच्या कायद्यांत तो आजही उल्लेखिला जातो. म्हणून नांवाचें स्पेलिंग एकेक अक्षर लावून वाचावें. खऱ्या नांवांत ‘जी’च्या आधीं ‘डी’ आहे. तो नसल्यास सावध राहावें. आमच्या चाकूंत ‘डी’ स्पष्ट आहे, ठसा खोल आहे व दोन्ही निशाण्या यथास्थित आहेत.

५. ‘जी’ ‘आर’ हीं अक्षरें कोणाचीं?

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. ‘जॉर्ज रेक्स’ हीं अक्षरें पाहून तिसरा जॉर्जच कां धरावा? इंग्लंडच्या गादीवर ह्या नांवाचे राजे अनेक झाले. तिसरा जॉर्ज इ.स. १७६० ते १८२०; चौथा १८२० ते १८३०; पांचवा १९१० ते १९३६; सहावा १९३६ ते १९५२. मध्यंतरीं चौथा विल्यम १८३० ते १८३७, व्हिक्टोरिया राणी १८३७ ते १९०१ आणि सातवा एडवर्ड १९०१ ते १९१०. ह्यांच्या वेळीं पहिलें अक्षर अनुक्रमें ‘डब्ल्यू’, ‘व्ही’ व ‘ई’ असे. ‘आर’ मात्र राजा असो वा राणी असो, कायम. कारण लॅटिनांत राजास ‘रेक्स’ व राणीस ‘रेजिना’ म्हणतात. तेव्हां व्हिक्टोरियाचीं अक्षरें असलेला चाकू निःशंकपणें १८३७ नंतरचा म्हणतां येतो. पण ‘जी’ ‘आर’ आढळल्यास एक प्रश्न सुटण्याऐवजीं चार उभे राहतात.

त्यांपैकीं पहिला जॉर्ज सहज गळतो. रॉजर्स पेढीस राजाश्रयाची सनद मिळाली ती चौथ्या जॉर्जच्या कारकीर्दींत. त्याआधीं ‘राजेसाहेबांचे हत्यारकार’ हें बिरुद मिरविण्याचा तिला अधिकारच नव्हता. म्हणजे केवळ एवढ्यावरून चाकू १८२० च्या पूर्वींचा नव्हे, आणि पेशवाई तर १८१८ त बुडाली. परंपरेनें सांगितलेला काळ येथेंच निसटतो.

उरले चौथा, पांचवा व सहावा. येथें ‘इंग्लंड’ हा एक शब्द उपयोगी पडतो. जुन्या शेफील्डच्या मालावर गांवाचें नांव असे. देशाचें नांव लिहिण्याची गरज कोणास वाटत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीं जर्मनींतील सोलिंगेन वगैरे ठिकाणचा माल बाजारांत फार येऊं लागला, आणि खोट्या नांवांचा बोभाटा झाला. तेव्हां इंग्लंडांत इ.स. १८८७ त व हिंदुस्थानांत इ.स. १८८९ त व्यापारी मालावरील खुणांसंबंधीं कायदे झाले. त्यापाठोपाठ अमेरिकेनें इ.स. १८९० त जकातीचा जो कायदा केला, त्यानें १ मार्च १८९१ पासून परदेशी मालावर मूळ देशाचें नांव असलेंच पाहिजे असें ठरविलें. शेफील्डचा मोठा गिऱ्हाईक अमेरिका. म्हणून तेव्हांपासून गांवापुढें ‘इंग्लंड’ हा शब्द ठोकण्याची वहिवाट पडली. हा शब्द नसेल तर चाकू १८९१ पूर्वींचाच असें म्हणतां येत नाहीं, कारण दुसऱ्या देशांत जाणाऱ्या मालावर तो घालण्याची सक्ति अमेरिकेच्या कायद्यानें नव्हती. परंतु शब्द असेल तर चाकू त्या सुमाराच्या अलीकडचा, हें बहुतेक निश्चित. ह्यायोगें चौथा जॉर्जही गळाला. बाकी राहिले पांचवा व सहावा, म्हणजे इ.स. १९१० नंतरचा काळ.

६. मुठीची साक्ष

एका अक्षरावर निकाल देऊं नये म्हणून मुठीस स्वतंत्र विचारलें. टोप्यांचा पांढरा धातु घरांत चांदी म्हणून समजत. तो चांदी नसून तांबें, निकेल व जस्त ह्यांचें मिश्रण आहे. त्यास ‘जर्मन सिल्व्हर’ म्हणतात, आणि नांवाखेरीज चांदी त्यांत कोठें नाहीं. हें मिश्रण जर्मनींत इ.स. १८२० नंतरच्या दशकांत निघालें व शेफील्डांत त्यानंतर रूढ झालें. ही साक्षही पेशवाईच्या विरुद्ध पडते.

मुठीच्या पट्ट्या हस्तिदंती म्हणून सांगण्यांत आल्या होत्या. खऱ्या हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींस छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. उभ्या अंगावर रेषा असतात, पण त्या लाटेसारख्या, कोठें दाट कोठें विरळ. हाडावर बारीक काळसर ठिपके व तुटक रेघा दिसतात. त्या रक्त वाहणाऱ्या सूक्ष्म नळ्यांच्या होत. आमच्या चाकूच्या पट्ट्यांवर रेषा आहेत, परंतु त्या ओळीच्या पट्टीनें आंखल्यासारख्या सरळ व समांतर. आडव्या कडेवर जाळी नाहीं, ठिपकेही नाहींत. निसर्ग इतका शिस्तीचा नसतो. हा पदार्थ कापसापासून रासायनिक रीतीनें केलेला सेल्युलॉइड. इंग्लंडांत तो ‘झायलोनाइट’ ह्या नांवानें करणारी मोठी कंपनी इ.स. १८७७ त स्थापन झाली. हातानें चोळून ऊब आणल्यास किंचित् कापराचा वास येतो. तसा तो आला. तापलेली सुई टोंचून पाहण्याची जी जुनी परीक्षा सांगतात ती कोणीं करूं नये. हा पदार्थ झटकन् पेट घेतो, आणि चाकूबरोबर शेजारचें दप्तरही जाईल.

७. जोडकामाची शंका

येथें एक आक्षेप संभवतो, व तो रास्त आहे. जुन्या पात्यास पुढें कोणी नवी मूठ बसविली असेल; किंवा जुन्या मुठींत नवें पातें. कुऱ्हाडीचा दांडा बदलला, मग पातें बदललें, तरी आजोबांची कुऱ्हाड तीच, असा व्यवहार घरोघर चालतो. म्हणून खिळ्यांचीं डोकीं भिंगानें पाहिलीं. चारही खिळे एका मापाचे असून पट्टीशीं समतल घांसलेले आहेत. भोंवतीं हातोडीची खूण अगर फुटलेली कड नाहीं. दोन्ही पात्यांच्या बुडख्यांवर पेढीचें नांव एकाच वळणाच्या अक्षरांत आहे. मिटल्यावर दोन्ही पातीं आपापल्या खोबणींत बरोबर बसतात. सबब चाकू एकसंध आहे, आणि अक्षरें व मूठ ह्या दोन वेगवेगळ्या वाटांनीं आपण एकाच मुक्कामीं आलों. आमच्या मतें तो पांचव्या जॉर्जच्या कारकीर्दींतील, म्हणजे इ.स. १९१० ते १९३६ ह्या दरम्यानचा आहे. सहाव्या जॉर्जचा काळ अक्षरांवरून सर्वस्वीं वर्ज्य करतां येत नाहीं. परंतु पुढें दिलेली घरांतील आठवण व लहान पात्याची मोठी झीज पाहतां आधींचा काळच अधिक संभवतो.

पातें गंजलें आहे, म्हणजे तें न गंजणाऱ्या पोलादाचें नव्हे. असें पोलाद हॅरी ब्रिअर्ली ह्यांनीं शेफील्डांतच इ.स. १९१३ त सिद्ध केलें. चाकूवर ‘स्टेनलेस’ हा शब्द असता तर त्यानंतरचा म्हणून सांगतां आलें असतें. तो नाहीं ह्यावरून मात्र कांहींच सिद्ध होत नाहीं, कारण साध्या पोलादाचे चाकू त्यानंतरही होतच राहिले.

८. मग यादीचें काय?

चाकू गेला म्हणजे याद गेली, असें वाटून घरच्या मंडळींस वाईट वाटलें. परंतु वर्तुळ तुटल्याचा लाभ येथेंच आहे. आतां यादीस तिची स्वतःची साक्ष विचारतां येते.

यादीचा कागद विलायती आहे. उजेडासमोर धरतां त्यांत पाण्याची खूण दिसते व तींत १८१३ हा आंकडा आहे. विलायती कागदांत साल कां असतें हें बऱ्याच संग्राहकांस ठाऊक असेल. इंग्लंडांत इ.स. १७९४ च्या कायद्यानें परदेशीं जाणाऱ्या कागदावरील जकात परत मिळविण्यासाठीं कागदांत साल घालणें आवश्यक झालें. ही अट इ.स. १८११ त निघाली. तरी पुष्कळ कारखान्यांनीं रिवाज चालू ठेवला. १८१३ चा कागद जहाजानें येऊन, विकला जाऊन, लेखकाच्या हातीं पडण्यास वेळ लागावयाचाच. आणि विकत घेतलेला कागद वर्षानुवर्षें पडूनही राहतो. म्हणजे याद १८१३ पूर्वींची नव्हे, एवढें पक्कें. ती १८१८ च्या आंतील असूं शकेल, पुढचीही असूं शकेल. अक्षराचें वळण व यादींतील मायने ह्यांवरून ती पेशवाईच्या अगदीं अखेरच्या वर्षांतील असावी असें आम्हांस वाटतें. परंतु हें ‘वाटतें’ आहे, सिद्ध नाहीं, आणि यादीवर तसेंच लिहून ठेवावें अशी आमची सूचना आहे.

तेव्हां परंपरा खोटी ठरली काय? आमच्या मतें नाहीं. ह्या घरांत एक विलायती चाकू कधीं काळीं मानानें आला होता, हें याद स्वमुखें सांगते. तो चाकू झिजला, हरवला वा मोडला. पुढें शंभर वर्षांनीं दुसरा विलायती चाकू घरांत आला, त्याच रुमालांत राहूं लागला, आणि पहिल्याची गोष्ट दुसऱ्यास चिकटली. लोकांची स्मृति वस्तु विसरते पण गोष्ट विसरत नाहीं; रिकाम्या झालेल्या गोष्टींत ती जवळची दुसरी वस्तु आणून बसविते. ह्यांत लबाडी कोणाचीच नाहीं. संशोधकाचें काम गोष्ट खोटी पाडण्याचें नसून गोष्ट व वस्तु ह्यांची फारकत करून दोहोंस आपापल्या जागीं बसविण्याचें आहे.

हा निकाल आम्हीं घरीं सांगितला तेव्हां त्या घरच्या वृद्ध बाईंनीं, इतका वेळ गप्प बसून होत्या त्यांनीं, एक आठवण सांगितली. त्यांच्या लहानपणीं आजोबा ओसरीवर बसून ह्याच चाकूनें मुलांस कित्त्यासाठीं बोरू करून देत. मोठें पातें आंबे चिरावयास आणि लहान पातें बोरूस, असा त्यांचा दंडक होता, आणि लहान पात्यास दुसऱ्या कोणीं हात लावलेला त्यांस खपत नसे. लहान पात्याची टोंकाकडील झीज आम्हीं वर नमूद केली आहे, तिचा उलगडा ह्या एका वाक्यांत झाला. ‘हें आधीं कां नाहीं सांगितलें?’ असें विचारतां त्या म्हणाल्या, ‘तुम्ही पेशव्यांचा चाकू पाहावयास आलां होतां. आजोबांच्या चाकूविषयीं कोणीं विचारलें?’

ह्या उत्तरानें आम्ही वरमलों. पेशवाईंतील काल्पनिक चाकूच्या नादांत, बोरूच्या शेवटच्या पिढीचा खरा चाकू, त्याच्या मालकासह व त्याच्या वापराच्या प्रत्यक्ष साक्षीसह, आम्ही गमावीत होतों. टांक व दौत सर्वत्र झाल्यावरही, अक्षर वळणदार व्हावें म्हणून मुलांच्या हातीं बोरू देणाऱ्या एका घराची ही निशाणी आहे. तिचें मोल रेसिडेंटाच्या नजराण्याहून कमी आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

९. संग्राहकांस विनंती

ज्यांच्या दप्तरांत असे चाकू असतील त्यांनीं पुढील क्रम ठेवल्यास सोईचें होईल. चाकू ज्या रुमालांत मिळाला त्याची नोंद आधीं करावी, आणि घरची हकीकत सांगणाराच्या शब्दांत, आपल्या तर्काची भर न घालतां लिहून घ्यावी. मग चाकूची परीक्षा कागदांपासून अलग करावी. निशाणीवरून पेढी, राजाच्या अक्षरांवरून संभाव्य कारकीर्दी, देशाच्या नांवावरून अलीकडची मर्यादा, मुठीच्या द्रव्यावरून दुसरी स्वतंत्र मर्यादा, खिळ्यांवरून जोडकाम, झिजेवरून वापर, असा पायरीपायरीनें विचार करावा. ह्यांतील प्रत्येक खूण ‘ह्याच्या पूर्वींचा नव्हे’ एवढेंच सांगते. ‘ह्याच सालचा’ असें बहुधा एकही सांगत नाहीं. हा भेद ज्यानें संभाळला त्याची चूक लहान राहते.

चाकू पाण्यांत बुडवूं नये, शिकलगाराकडे देऊन पातें नवें करून घेऊं नये, व ठसा घेतल्यावांचून तेलपाणी करूं नये. सेल्युलॉइडची मूठ जुनी झाली म्हणजे तिच्यांतून जो वायु सुटतो त्यानें पातें व शेजारचे कागद दोन्ही खराब होतात. म्हणून असा चाकू कागदांच्या रुमालांत न ठेवतां वेगळ्या, हवा खेळत्या पेटींत ठेवावा. आमच्याकडील चाकू त्या घराण्यास परत करतांना आम्हीं तसेंच केलें आहे. त्याच्या पेटींत आतां दोन चिठ्ठ्या आहेत. एकीवर बुडख्यावरील अक्षरांचा ठसा व आमचा कालनिर्णय आहे. दुसरीवर वृद्ध बाईंनीं सांगितलेली आठवण, त्यांच्याच शब्दांत. यादीच्या रुमालांत तिसरी चिठ्ठी आहे. तिच्यावर ‘यादींतील चाकू उपलब्ध नाहीं’ एवढेंच लिहिलें आहे.